पाच वाजताची नक्कल

४ मार्च, सोमवार

डिस्क आली! एवढीशी — साबणाच्या वडीएवढी — आणि पोटात चाळीस वर्षांचं गाव मावणार. वहिनींनी हातात घेऊन वजन पाहिलं. म्हणाल्या, "ह्यात? सगळं? मग वरच्या माळ्यावर एवढे डबे आमच्या ह्यांनी उगाच चढवले म्हणायचे!"

मोठे दीर गेले त्याला ह्या वर्षी तीन वर्षं होतील. त्यांच्या फोटो स्टुडिओचं शटर वहिनी अजून रोज नऊला उघडतात. ओळखपत्राचे फोटो काढतात, बाकी गिऱ्हाईक नाही. पण माळ्यावर निगेटिव्हचे त्र्याऐंशी डबे आहेत. गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं, लष्करात निघालेला प्रत्येक मुलगा. आणि ती फिल्म नासायला लागली आहे. डबा उघडला की आंबट वास नाकात जातो. एक नासली की शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागण. म्हणून मी, निवृत्त माणूस, गेल्या नोव्हेंबरपासून रोज येते. वहिनी फिल्म स्कॅनरवर ठेवतात, पडद्यावर चेहरा आला की नाव सांगतात, मी नावांच्या फाइलमध्ये टाइप करते. झालं की नासकी फिल्म घराबाहेर. म्हणजे नंतर उरतं ते फक्त कॉम्प्युटरमधलं! एकाच ठिकाणी! छे. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. दुसरी लाइन तयार असल्याशिवाय पहिलीला हात लावायचा नाही, हे माझ्या हाडात आहे.

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच घातलंय. आज डिस्क जोडली. लोकांना वाटतं, तार खुपसली की झालं. तसं नसतं. यंत्रातलं एक रिकामं फोल्डर तिला दार म्हणून नेमून द्यायचं. डिस्क त्या दारात उभी राहिली — माउंट झाली — की दारातून टाकलेलं सगळं तिच्या पोटात जातं. रोज उठून हाताने कोण उभी करणार? यंत्र सुरू होतानाच आपोआप व्हावं म्हणून एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची. लिहिली. पाच मिनिटं! उद्यापासून रोज संध्याकाळी पाचला नक्कल आपोआप.

५ मार्च, मंगळवार

नाही चालली.

मी ओळीत लिहिलं होतं, 'दुसऱ्या नंबरची डिस्क'. आणि सकाळी वहिनींनी कॅमेऱ्याचं कार्ड वाचणारी डबी आधीच लावून ठेवलेली. ती झाली दुसरी, माझी गेली तिसरीवर. रांगेतल्या नंबरावरून माणूस ओळखायला गेले — माझीच चूक. ती ओळ खोडली. प्रत्येक डिस्कला फॉरमॅट करताना — म्हणजे साफ कोरी करताना — एक ओळखक्रमांक मिळतो, छत्तीस अक्षरांचा. आता तो लिहिलाय. रांगेत कुठेही उभी राहू दे, यंत्र तिला हाक मारणार म्हणजे मारणार. पुन्हा फॉरमॅट केल्याशिवाय तो क्रमांक बदलत नाही. आणि फॉरमॅट कोण करतंय!

६ मार्च, बुधवार

५ वाजून ४ मिनिटं. फोनवर निरोप: 'नक्कल झाली.' मी शिट्टी वाजवली. वहिनी म्हणाल्या, "साठी उलटली तुझी."

८ मार्च, शुक्रवार

सकाळी आले तर कॉम्प्युटर काळं तोंड करून बसलेला. पडद्यावर चार ओळी, पुढे काही नाही. वहिनी हात पुसत, एकदम साळसूद चेहऱ्याने:

"मी काही केलं नाही हं. नुसती धूळ पुसली."

"डिस्क काढलीत?"

"काढल्याशिवाय तिच्या खालची धूळ कशी पुसणार?"

बरोबर आहे म्हणा. यंत्राला मीच बजावलं होतं, सुरू होताना ही डिस्क जोड. ती दिसेना, म्हणून ते दीड मिनिट वाट बघत राहिलं आणि मग हटून बसलं. ओळीत एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ एवढाच: नसली तर नसली, रडू नकोस, पुढे चल. आता डिस्क असो-नसो, यंत्र सुरू होणारच. कसं सुचतं नाही!

हे डबा घेऊन आले दुपारी. वा-क्वे, म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली वडी, वर सोय सॉस, लसूण जास्त. मी ह्यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. म्हणाले, "बस चालवताना मीही तेच करायचो. स्टॉपवर कोणी नसलं तर पुढे." वाकून पडद्यावर एका नवरीचा फोटो बराच वेळ पाहिला. ह्यांना जुने फोटो बघायचा नाद आहे. डबा द्यायला येतात आणि तास काढतात.

१२ मार्च, मंगळवार

आज एक म्हातारबाबा आले. सोय सॉसच्या कारखान्यात रांजण घासायचे, आता काठी टेकत चालतात. आईचा फोटो हवा. घरी एकही नाही. वर्ष आठवत नाही. वहिनींनी डोळे मिटले.

"उजवा खांदा वर करून बसायची. दोन्ही हात मांडीखाली लपवायची — सॉसने हात काळे होते म्हणून. बारावा डबा बघ गं धाकटे."

बाराव्या डब्यात नव्हता. चौदाव्यात होता. खांदा वर, हात मांडीखाली! म्हातारबाबा पडद्याजवळ नाक नेऊन उभे राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आई माझ्यापेक्षा लहान आहे की."

वहिनी आत जाऊन उगाच भांडी आपटत होत्या.

एवढ्यासाठी हा खटाटोप. वहिनी बहात्तरच्या. त्यांच्या डोक्यातलं फाइलमध्ये आणि फाइल डिस्कमध्ये — आणि मग घसरलं तरी चालेल, पडलं तरी चालेल.

१९७७ चे डबे संपले.

१३ मार्च, बुधवार

एक गोष्ट आजवर कुठेच लिहिलेली नाही. इथे लिहिते, हे पान कोणी वाचत नाही.

१९७९ च्या डब्यात मी आहे. फिल्म नंबर ४१२ — तेव्हाच्या पावतीवर होता.

डिसेंबर महिना होता. एकवीस वर्षांची मी, भाड्याचा गुलाबी झगा, केसांचा हा एवढा डोंगर. शेजारी ओऊ वेन-लुंग. आमच्या साखरपुड्याचा फोटो. त्याचं घर नदीच्या ह्या बाजूला, म्हणून फोटोही ह्याच गावात काढला — ह्याच स्टुडिओत. पुढे चार महिन्यांत त्याच्या घरचे सगळे अर्जेंटिनाला निघाले. आमचे वडील म्हणाले, मुलगी समुद्रापलीकडे देणार नाही. झालं! मिठाई परत, अंगठी परत. मी महिनाभर रडले आणि मग एक्स्चेंजची परीक्षा दिली.

१९८१ मध्ये मध्यस्थीणबाईंनी ह्यांचं स्थळ आणलं. मुलगा तेव्हा दूर खाओश्युंग बंदरात जहाजांच्या कारखान्यात जोडारी (बस पुढे आली), शांत, दारू नाही. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर समोर बसलेत मोठे दीर — तोच फोटोग्राफर! ट्रे हातातून सुटणारच होता. पण त्यांनी ओळख दाखवली नाही. वहिनींनी नाही. मला वाटलं, रोज शंभर चेहरे बघतात, माझा कुठला लक्षात राहायला! तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "आधी कुठे बोलणी झाली होती का?" मी म्हणाले, "नाही."

एक शब्द. अडतीस वर्षं झाली. त्या काळी साखरपुडा मोडलेली मुलगी म्हणजे तडा गेलेली वाटी, सासूबाईंनी उंबरा ओलांडू दिला नसता. पुढे सांगायचं राहिलं. मग सांगण्यासारखं राहिलं नाही. आणि हे रोज दुपारी डबा घेऊन येतात, वाकून पडद्याकडे बघतात.

काही अवघड नाही. वहिनी बुधवारी दुपारी केस धुवून घ्यायला जातात, दीड तास मोडतो. पुढच्या बुधवारी ७९ चा डबा मी एकटीने करणार. माझी ती एक फिल्म — खराब होती, फेकली. संपलं.

१४ मार्च, गुरुवार

वहिनींना डिस्कचं कौतुक समजावून सांगितलं. इथे काही चुकून पुसलं गेलं तरी तिथलं जात नाही. तिथे नुसती भर पडते.

"म्हणजे एकदा आत गेलं की बाहेर येत नाही?"

"नाही!"

"सासूबाईंसारखंच की."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. मग लक्षात आलं, आम्ही दोघी जावा अशा एकत्र हसलो त्याला किती वर्षं झाली असतील? मधली अकरा वर्षं तर सणाच्या जेवणापुरतं बोलणं होतं. सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती केलं, त्यावरून. आता आठवायला गेलं तर नेमकं काय बोललो होतो तेही आठवत नाही. वहिनींचा चेहराच तसा, दगडी. मला पहिल्या दिवसापासून वाटायचं, ह्या बाईला मी आवडलेले नाही.

१८ मार्च, सोमवार

५ वाजून ६. नक्कल झाली.

उद्या ताइचुंगला जायचंय. धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन. परवा दुपारपर्यंत परत. बुधवार हातचा जात नाही.

२० मार्च, बुधवार

परत आले. वहिनी दारातच. "धाकटे, तू नव्हतीस तर मी काय हातावर हात ठेवून बसू? ७८ चा उरलेला आणि ७९ चा अख्खा डबा स्कॅन करून टाकला! नावं एका वहीत लिहिलीत, तू टाइप कर."

पर्स खांद्यावर तशीच, जाऊन पडद्यासमोर बसले. ४०९. ४१०. ४११ — कोणाचं तरी बाळ. ४१३ — शाळेचे मास्तर.

४१२ नाही.

"वहिनी, ४१२?"

"चिकटली होती. खराब. टाकून दिली." आणि केस धुवायला निघून गेल्या.

हे कसं झालं! मी करणार होते ते नासक्या फिल्मनेच केलं. सुटले. आज मला अगदी पिसासारखं हलकं वाटायला हवं.

वाटतंच आहे. फक्त — एकदा बघितला असता तर बरं झालं असतं. त्याच्यासाठी नव्हे. त्या झग्यासाठी.

२१ मार्च, गुरुवार

दुपारी समाजमंदिरात मी घेते तो आजीआजोबांचा फोनचा वर्ग. आज सोळा जण आले. एकीने पहिल्यांदा नातवाला स्वतःचा फोटो पाठवला, तोही अर्ध्या कपाळाचा. परत आले तेव्हा पाच वाजायला आले होते. वहिनी डोकं दुखतंय म्हणाल्या.

शटर ओढून घरी आले. नक्कल होण्यासाठी यंत्र चालूच ठेवलं. जेवताना निरोप: 'नक्कल झाली.'

२२ मार्च, शुक्रवार

नक्कल झाली.

२५ मार्च, सोमवार

नक्कल झाली. १९८१ सुरू. आमच्या लग्नाचा फोटो आला. हे म्हणाले, "माझा टाय वाकडा आहे आणि कोणी सांगितलं नाही." मी म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी कोणाचं ऐकण्याच्या स्थितीत नव्हता."

२६ मार्च, मंगळवार

नक्कल झाली. ह्या महिन्यात साडेतीन हजार फिल्म. मी आणि वहिनी दोघीच! सरकारी खात्याला दोन वर्षं आणि तीन समित्या लागल्या असत्या.

२७ मार्च, बुधवार

आज अक्षर वाईट येईल.

अकरा वाजता नावांची फाइल सेव्ह केली. पडदा म्हणाला, जागा नाही. कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क भरली. मी म्हटलं, शक्यच नाही, अर्धी रिकामी आहे. फाइल पुन्हा उघडली — कोरी. एक अक्षर नाही. चार महिन्यांची नावं. मांडीखाली हात लपवणारी बाई, सगळे.

मग एक्स्चेंजची सवय कामाला आली. ओरडायचं नाही, लाइन कुठे तुटली ते शोधायचं.

दारापासून सुरुवात केली. डिस्क दारात उभीच नाही! तार लागलेली आहे, दिवा लुकलुकतोय, पण ती माउंट झालेली नाही. आणि मी ओळीत काय लिहून ठेवलंय — नसली तर नसली, रडू नकोस, पुढे चल. यंत्राने ऐकलं बिचाऱ्याने. रोज पाचला नक्कल दारातून आत टाकली. दारामागे डिस्क नव्हतीच, तेव्हा ते सगळं ह्याच कॉम्प्युटरच्या पोटात, त्या रिकाम्या फोल्डरमध्ये पडत राहिलं. एका घरातलं धान्य त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत ओतायचं आणि म्हणायचं, कोठार भरलं! निरोप मात्र रोज: 'झाली.' आणि मी खूश.

चुकीच्या जागी का होईना, कालची नावांची फाइल तिथे शाबूत सापडली. आज सकाळची तेवढी गेली, ती वहिनींना पुन्हा विचारता येतील. बसले खुर्चीत तशीच.

मग बाहेरची डिस्क उघडून बघितली. कोरी करकरीत. तिचा ओळखक्रमांकही दुसराच. कोणीतरी तिला फॉरमॅट केलंय!

म्हणजे ह्या दिवसांत सगळं एकाच ठिकाणी होतं. आणि तेवढ्यात मी एकशे ऐंशी नासक्या फिल्म कचऱ्याच्या गाडीत घातल्या. गाडी गाणं वाजवत आली आणि मी हसतमुखाने पिशवी फेकली.

वहिनी दुपारभर माझ्याकडे बघेनात.

२८ मार्च, गुरुवार

यंत्र सगळं टिपून ठेवतं. २१ मार्च, गुरुवार. दोन वाजून दहा मिनिटांनी डिस्क काढली. तीन पंचावन्नला लावली. तेव्हा मी वर्गात. किल्ली फक्त वहिनींकडे.

आजचा वर्ग रद्द केला. शटर अर्धं खाली ओढलं.

"वहिनी, डिस्क कुठे नेली होती?"

"कुठली? झाडताना सुटली असेल."

"पावणेदोन तास झाडत होता?"

वहिनींनी शटरकडे बोट केलं. "समोर. चष्मेवाल्या ल्यावकडे."

"कशाला?"

"त्याच्या कॉम्प्युटरवर काहीतरी आलं. आधी अमुक करायचं का म्हणून. त्याने न वाचताच 'हो' दाबलं. गाढव आहे तो, त्याचे वडील पण तसेच होते. नंतर बघितलं तर आत काहीच नव्हतं. मला वाटलं, तू लावलीस की परत येईल आपोआप. तूच म्हणतेस ना, आपोआप, आपोआप!"

मी चढ्या आवाजात बोलले. खोटं कशाला लिहू, ओरडलेच. एकशे ऐंशी फिल्म, चार महिने, हे काय खेळणं आहे का, विचारता येत नव्हतं का — सगळं. अकरा वर्षांपूर्वीचा आवाज होता तो माझा. वहिनी ऐकून घेत राहिल्या. ओट्यावरचं फडकं घडी घालून ठेवलं. उलगडलं. पुन्हा घडी घातली.

"त्यातला एक फोटो पुसायचा होता," म्हणाल्या. "इथला मी पुसला. पण तूच सांगितलंस, तिथे गेलेला जात नाही."

"कुठला फोटो?"

"तुला ठाऊक आहे कुठला."

रस्त्यावर स्कूटर चालली होती, ती पार पुलापर्यंत गेली तरी ऐकू येत होती.

"तुम्हाला... कधीपासून?"

"पहिल्यापासून. अगं, फिल्मवर पेन्सिल कोण फिरवायचं? सुरकुत्या, डाग, सगळं मी घालवायचे, वर बसून. फोटो काढताना मी खाली नसायचे, पण चेहरा माझ्याच हाताखालून जायचा. तुझ्या हनुवटीवरचा तीळ मी घालवलाय, एक अख्खी दुपार गेली होती त्यात. आणि दोन वर्षांनी तीच हनुवटी, तोच तीळ, चहाचा ट्रे घेऊन समोर! आमच्या ह्यांना मी टेबलाखालून असा चिमटा काढला, आठ दिवस निळं होतं."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मुलगी चांगली होती. सासूबाईंनी विचारलं मला, ही पोर कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते. मी म्हटलं, सिनेमातली कोणी नटी असेल तिच्यासारखी. त्या आठवडाभर आठवत बसल्या, कुठली नटी."

मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम.

"मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही."

"तोंड उघडलं तर चुकून निघून जाईल, ही भीती. म्हणून कमी बोलायचे तुझ्याशी. पुढे सवयच लागली." नाक शिंकरलं त्यांनी. "परवा पडद्यावर आलीस तू, एवढी मोठी. म्हटलं, तुझा नवरा जिन-शू रोज येऊन वाकतो इथे. ह्या वयात कशाला कोणाच्या संसारात खडा?"

२९ मार्च, शुक्रवार

डिस्क नव्याने तयार केली. नवा क्रमांक ओळीत. पहिल्यापासून सगळी नक्कल, सहा तास लागले, मी समोर बसून पाहिली. आणि आता नियम: नक्कल करण्याआधी यंत्राने दारात डिस्क खरंच उभी आहे का ते बघायचं. नसेल तर एक अक्षरही टाकायचं नाही, माझ्या फोनवर बोंब मारायची. तार काढून पाहिली. बोंब आली! आणखी एक डिस्क मागवली, ती आमच्या घरी राहील. आता भूकंप आला तरी हरकत नाही.

चूक माझी होती. वहिनींनी डिस्क नेली हे खरं, पण 'नसली तरी झाली म्हण' हे यंत्राला मी शिकवलं. वहिनींना तसं सांगितलं. म्हणाल्या, "माझ्यावर ओरडलीस ते परत घेतेस का?" मी म्हणाले, "अर्धं." "चालेल."

जाताना पर्स उघडली त्यांनी. बटर पेपरच्या पाकिटात फिल्मचा तुकडा. ४१२.

"फेकली म्हणालात ना?"

"आमच्या ह्यांच्या हातची फिल्म मी फेकेन होय? घे. तूच ठरव."

१ एप्रिल, सोमवार

वहिनी बँकेत गेल्या तेव्हा ४१२ स्कॅन केली. आंबट वास आहे, पण फिल्म सपाट.

बघितला. खूप वेळ. वेन-लुंगचे कान बाहेर आलेले, ते विसरले होते. तो कॅमेऱ्याकडे बघतोय. मी जरा बाजूला बघतेय, आणि हसू दाबतेय. कशाचं ते आठवेना. मुलगी चांगली आहे. तिला मी पुसणार नाही. एवढे लोक वाचवले आम्ही, तिनेच काय घोडं मारलंय?

पाचला नक्कल झाली. मुद्दाम डिस्कमध्ये जाऊन बघितलं. ४११, ४१२, ४१३.

वहिनींना सांगितलं. "वेडी आहेस," म्हणाल्या. आणि मग, "आधी जेवू घाल त्याला, मग दाखव."

५ एप्रिल, शुक्रवार

पूर्वजांचा दिवस. सगळे टेकडीवर गेलो. ह्यांनी विळ्याने मोठ्या दिरांच्या कबरीवरचं गवत काढलं, मी फळं मांडली, वहिनी दगडाला उद्देशून म्हणाल्या, "तुमचं सगळं साबणाच्या वडीत भरलंय हो. आता वरचा माळा मी भाड्याने देते."

उतरताना हे आणि मी मागे पडलो. सांगणार होते. ह्यांनी माझा हात धरला — वाट निसरडी होती — आणि मी बोलले ते हवापाण्याचं. एक्स्चेंजमध्ये अख्ख्या तालुक्याची लाइन बंद पडली तरी माझी छाती धडधडली नव्हती.

सोमवारी. डबा आणतील तेव्हा. ठरलं.

८ एप्रिल, सोमवार

आधी जेवू घातलं. मग ४१२ उघडला आणि सगळं सांगितलं, चहाच्या ट्रेपासून 'नाही'पर्यंत. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ गेले. वहिनी आत श्वास धरून उभ्या होत्या, मला ऐकू येत होतं.

"डावीकडची सावली जड पडलीये," म्हणाले. "खाओश्युंगहून चार दिवसांच्या सुट्टीवर आलो होतो, दादाचा दिवा मीच धरला होता. किती वेळा म्हटलं त्याला, अजून वर घेतो. तर म्हणतो, 'गप्प उभा राहा. आणि पोरीकडे बघू नकोस, दिव्याकडे बघ.'"